बी घरात, बोंडू बागेत: काजूच्या हंगामामागची गोष्ट

मार्चच्या मध्यावर सावंतवाडीहून दोडामार्गच्या रस्त्याला लागलं की वास आधी येतो, बागा मागून दिसतात. आंबूस, गोडसर, नाकात बसणारा वास. झाडाखाली लाल-पिवळ्या बोंडांचा, म्हणजे बी ज्याच्या टोकाला लटकते त्या रसाळ फळांचा, सडा पडलेला असतो आणि त्यात बायका वाकलेल्या असतात. डाव्या हातात बोंडू, उजव्या हाताने बी पिळायची, बी पाटीत, बोंडू पुन्हा मातीत. ताज्या बीच्या टरफलातलं तेल बोटांवर चढलं की कातडी काळी पडते आणि सोलते. म्हणून घरातून निघतानाच म्हातारी हाक मारते, "गो बाय, आधी हाताक खोबरेल लाव."

एक किलो बी निघते तेव्हा साधारण सहा ते आठ किलो बोंडू मागे राहतो. म्हणजे झाड जे देतं त्याचा मोठा वाटा आपण जमिनीवर टाकून घरी येतो. तासाभराच्या अंतरावर, गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की, याच बोंडांचा रस काढतात, आंबवतात, गाळतात आणि त्यावर घरं चालतात. झाड तेच, माती तीच, बोलीही जवळपास तीच. फरक कसा पडला, हे समजायला साडेचारशे वर्षं मागे जावं लागतं.

काजू इथला नाही. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात ब्राझीलकडून आणला. 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने इथल्या झाडपाल्याची बारकाईने नोंद केली. माडाबद्दल तो लिहितो: काही माड नारळासाठी राखायचे, काही सुरेसाठी, म्हणजे माडीसाठी, आणि त्या सुरेपासून ऊर्ध्वपातन करून अर्क काढायचा. काजूचं मात्र त्याच्याकडे नावही नाही. पंधरा वर्षांनी, 1578मध्ये, क्रिस्तोव्हांव द कोस्ता याने कोचीनच्या बागांत काजू पाहिल्याचं लिहिलं. यातून मला जे दिसतं ते असं: आंबवण्याची आणि गाळण्याची विद्या किनाऱ्यावर आधीच मुरलेली होती, माड छेदणाऱ्या भंडारी समाजाच्या हातात होती. परदेशी झाड आलं तेव्हा त्याच्या फळाला तीच भट्टी मिळाली. फेणी आधी माडाची, मग काजूची.

गोव्यातली पद्धत अजून फारशी बदललेली नाही. दगडात कोरलेल्या कुंडात, ज्याला तिथे कोळंबी म्हणतात, बोंडू टाकून पायांनी तुडवायचा, उरलेला चोथा वजनाखाली दाबून शेवटचा रस ठिबकू द्यायचा. तो रस म्हणजे निरो, थंडगार प्यायला सगळ्यात गोड. बाकीचा रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो, वरून काही घालावं लागत नाही. पहिल्यांदा गाळला की हलका उर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी, साधारण 42 टक्के मद्यार्काची. उर्राक फक्त हंगामापुरता, एप्रिल-मेमध्ये. त्याची वाट बघतात तशी आंब्याचीही बघत नसतील.

आपल्याकडे मात्र 1878चा मुंबई अबकारी कायदा आला आणि कोकणातल्या भट्ट्यांचं गणित बदललं. घरगुती गाळप बंद, मक्ते आणि परवाने सुरू, छेदायच्या माडावर झाडागणिक कर. ज्यांचा पिढीजात धंदा माडावर चढण्याचा, त्यांना झाडाला हात लावण्याआधी सरकारदरबारी जावं लागू लागलं. सावंतवाडी हे तेव्हा वेगळं संस्थान. 1948मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं आणि लगेच 1949चा मुंबई दारूबंदी कायदा आला. दारूबंदीमागची कळकळ खोटी नव्हती. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं कोकणातल्या प्रत्येक वाडीने पाहिली आहेत, मीही पाहिली आहेत. पण त्या कायद्याने फळाचा रस आणि हातभट्टी यांना एकाच पोत्यात बांधलं. हद्दीच्या पलीकडे गोवा 1961च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांकडे राहिला, आणि मुक्त झाल्यावरही त्याने स्वतःचा वेगळा अबकारी कायदा केला. तिथली भट्टी परवाना काढून उजेडात राहिली. आपली रानात गेली, आणि रानात गेलेल्या भट्टीला ना दर्जा राहतो ना हिशेब.

वसंतराव नाईकांच्या काळात, साठच्या दशकात, दारूबंदी सैल झाली. बोंडाच्या वाट्याला त्यातून फारसं काही आलं नाही. त्याची कोणाला आठवणही नव्हती, कारण तोवर काजू हे आपल्याकडे मुख्यतः कडेचं झाड होतं, बांधावरचं, कातळावरचं.

ते बदललं ते दोन गोष्टींनी. पहिली, 1957 साली वेंगुर्ल्याला सुरू झालेलं फळ संशोधन केंद्र. तिथून वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा जाती आल्या. चारची बोंडं लाल, सातची पिवळी आणि मोठी, बी टपोरी. दुसरी गोष्ट, रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना. 1990पासून तिच्यातून कलमं, खड्डे, मजुरी यांचा खर्च सरकारने उचलला आणि डोंगरउतार बघता बघता काजूने भरले. ही योजना मला कोकणात आलेल्या सगळ्यात मोलाच्या गोष्टींपैकी एक वाटते. मुंबईला गेलेली माणसं त्या कलमांच्या भरवशावर परत आली. पण लागवड बीसाठी झाली. बोंडाचं काय करायचं, हे त्या आखणीत नव्हतंच.

दापोलीच्या कृषी विद्यापीठात सरबत, सिरप, वाइन यांवर काम झालं. बोंडात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतं, पण रस घसा धरतो, कारण टॅनिन हे तुरट द्रव्य. साबुदाण्याची खळ घातली की ते खाली बसतं आणि रस निवळतो. वाइनला गाळपाची भट्टी लागतच नाही. निवळलेला रस यीस्ट घालून आंबवायचा आणि मुरू द्यायचा. फेणी आणि वाइन यांतला हा फरक साधा आहे, पण परवान्याच्या कागदावर पोचायला त्याला फार वर्षं लागली. 2001मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आखले, आणि नाशिकचं रूप पालटलं. नाशिकच्या शेतकऱ्याला मिळालं त्याचा आनंदच आहे. आमच्या बागेत त्या वर्षीही बोंडू मातीत गेला.

दरम्यान गोव्याच्या काजू फेणीला 2009मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने 2022मध्ये काजूबोंडं, मोहफुलं अशा फळाफुलांपासून बनणारं मद्य देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घातलं, म्हणजे त्याला प्रतिष्ठेने विकायची वाट उघडली. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात काजू मंडळाची घोषणा झाली. कागद हलले, हे खरं.

पण बोंडू कागदासाठी थांबत नाही. सकाळी पडलेला बोंडू दुपारी मऊ पडतो, दुसऱ्या दिवशी माश्या बसतात. म्हणून त्याचा कारखाना बागेपासून हाकेच्या अंतरावर हवा, आणि वर्षाचे जेमतेम तीन महिने चालून उरलेले नऊ महिने त्याला कोकम, जांभूळ, करवंद यांवर तगता यायला हवं. हे गणित जमवणं एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही. तोवर दोडामार्गाकडचे काही जण पहाटे बोंडू गोळा करून टेम्पोत भरतात आणि ऊन चढायच्या आत गोव्यातल्या भट्टीवर पोचवतात. टेम्पोच्या फळीतून रस गळत जातो, रस्त्यावर चिकट रेघ उमटते.

बाकीच्यांचा हंगाम जसा वर्षानुवर्षं संपतो तसाच संपतो. मेच्या मध्याला वळीव कोसळतो, उरलेली बी काळी पडते, मग कोणी तरी बागेचं बेडं, म्हणजे फाटक, काढतं आणि गुरं आत सोडतं. ती दोन दिवस बोंडू खातात.