विधान आणि गृहीतके: सराव संच उघडण्याआधी

तर्कक्षमतेच्या संचात सगळ्यात जास्त शंका येतात त्या याच प्रकरणात. म्हणून हे पत्रक.

गृहीतक म्हणजे बोलणाऱ्याने न बोलता धरून चाललेली गोष्ट. ती विधानात लिहिलेली नसते, पण काढून घेतली तर विधान लटकं पडतं. निष्कर्ष विधानातून पुढे निघतो. गृहीतक विधानाच्या आधीच असतं. ते खरं असायलाच हवं असंही नाही. बोलणाऱ्याने धरलंय का, एवढंच विचारलेलं असतं. ‘पण प्रत्यक्षात असं कुठे होतं?’ हा वाद इथे घालू नका, वेळ जातो.

एक विधान घेऊ: ‘अर्ज भरण्यापूर्वी सोबतच्या सूचना नीट वाचा.’

पहिलं गृहीतक: सूचना वाचून समजण्याजोग्या आहेत.
दुसरं: सर्व अर्जदार सूचना वाचतील.

आता प्रत्येक उलटं करून विधानाशेजारी ठेवा. सूचना समजण्याजोग्या नाहीतच, तर वाचा म्हणण्यात काय हशील? विधान कोसळलं, म्हणजे पहिलं गृहीतक अंतर्भूत आहे, म्हणजेच बोलणाऱ्याने ते धरलेलं आहे.

दुसऱ्यात मात्र हमखास गफलत होते. ‘सर्व वाचतील’ याचं उलट अनेकजण ‘एकही वाचणार नाही’ असं करतात. मग सूचना देणंच फुकट ठरतं आणि उत्तर ‘अंतर्भूत’ असं येतं. ते चूक. ‘सर्व’चं उलट ‘सगळेच नाही’. काहीजण वाचणार नाहीत असं मानलं, तरी सूचना द्यायला हरकत काय? विधान शाबूत राहतं, म्हणून दुसरं अंतर्भूत नाही. ‘काही’चं उलट मात्र ‘एकही नाही’ असंच होतं.

‘फक्त’, ‘नेहमी’, ‘कोणीच नाही’ असे शब्द दिसले की सावध व्हा, पण दिसताक्षणी काट मारू नका. विधानच तेवढं ठाम असेल तर गृहीतकही ठाम असू शकतं. जाहिरातींत न धरलेली गोष्टही धरलेली मानण्याची चूक फार होते. ‘आमचे बूट घ्या, वर्षभर टिकतात’ यात गिऱ्हाइकाला टिकाऊपणा हवा असतो हे धरलेलं आहे. इतरांचे बूट टिकत नाहीत, हे धरलेलं नाही.

विधानच वेगळ्या शब्दांत फिरवून लिहिलं असेल, तर ते गृहीतक नव्हे.

आमच्या उत्तरसूचीत प्रत्येक गृहीतकासमोर त्याचं उलट वाक्य छापलं आहे. तुमचं उत्तर जुळलं नाही, तर आधी तुमचं उलट वाक्य त्याच्याशी ताडून पाहा. तरीही पटलं नाही, तर प्रश्न क्रमांक आणि तुमचं उलट वाक्य दोन्ही लिहून आमच्याकडे द्या.