माडीच्या मडक्यातलं विकर

सकाळी भंडाऱ्याने माडावरून मडकं उतरवलं की आतला रस गोडमिट्ट असतो. दुपारपर्यंत त्यावर फेस चढतो, संध्याकाळी तो डोक्यात जातो आणि एक-दोन दिवस तसाच ठेवला तर शिरक्याच्या वाटेला लागतो. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं रोखलं जातं. मग ती नीरा. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे कुणाला शिकवावं लागत नाही. खाली गोव्यात पोदेरांनी पावाचं पीठ फुगवलं तेही याच रसाने, म्हणजे त्यांच्या भाषेत सुरेने.

हे घडवणाऱ्या जिवांत यीस्ट मुख्य. आता यीस्टच्या पेशीतल्या प्रथिनांवर होणाऱ्या रासायनिक बदलांचा इतिहास सांगायचा तर प्रयोगशाळेतून सुरुवात करायचा रिवाज आहे. मला मडकं जास्त सोयीचं वाटतं. कारण माडाच्या रसातली साखर ही मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपली चहातलीच साखर, आणि या इतिहासातले अर्धेअधिक धागे सुक्रोज फोडणाऱ्या एकाच विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला (एन्झाइमला), येऊन मिळतात. त्याचं नाव इन्व्हर्टेज.

यीस्ट सुक्रोज सहसा अख्खं गिळत नाही. पेशीच्या बाहेरच्या भिंतीत इन्व्हर्टेज बसवून ते तिथेच त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं आणि मग ते आत घेतं. (यातली बहुतेक साखर हातातून निसटून शेजारच्या पेशींच्या तोंडी जाते. वाडीत एकाने फणस फोडावा आणि गरे सगळ्यांनी न्यावेत, तसं.) १८६० मध्ये फ्रान्सच्या मार्सेलिन बर्तेलो यांनी यीस्टच्या अर्कात अल्कोहोल घालून हे विकर वेगळं काढलं. आंबणं हे जिवंत पेशीचंच काम, असं पाश्चर ठासून सांगत होते तो हा काळ. १८९७ मध्ये एदुआर्त बुखनर यांनी पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवलं आणि तो वाद मिटला. १९१३ मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांच्या वेगाचं जे गणित मांडलं, तेही याच इन्व्हर्टेजवर. बीएस्सीला ते समीकरण घोकलेल्या किती जणांना त्यामागचं यीस्ट आठवतं, कोण जाणे.

प्रथिन म्हणजे एकदा घडलं की घडलं, असं सहज वाटतं. पण तसं नाही. १९६८ मध्ये गास्कोन, न्यूमन आणि लॅम्पेन यांनी यीस्टमधलं इन्व्हर्टेज शुद्ध केलं तेव्हा त्याचे दोन प्रकार निघाले. पेशीच्या आत राहणारं साधं. बाहेर भिंतीत बसणाऱ्याचं जवळपास निम्मं वजन मात्र साखरेचं, तेही मुख्यतः मॅनोज या साखरेचं. तांब्याचं भांडं घडवून झालं तरी कल्हई केल्याशिवाय स्वयंपाकाला घेत नाहीत. तशी ही साखरेची कल्हई. पुढे १९८२ मध्ये मॅरियन कार्लसन आणि डेव्हिड बॉटस्टीन यांनी दाखवलं की दोन्ही प्रकार एकाच जनुकातून येतात. बाहेर जाणाऱ्याच्या टोकाला तेवढी एक जादा शेपटी असते, बाहेरच्या वाटेचा जणू परवाना.

ही कल्हई नेमकी कुठे होते? कॅलिफोर्नियात रँडी शेकमन आणि पीटर नोविक यांनी १९७९ पासून अशी यीस्टं निवडली की जी उष्णता वाढवली की माल बाहेर पाठवणं थांबवतात. मालाचा माग काढायला वापरलं ते इन्व्हर्टेजच. एका ठिकाणी अडलेल्या यीस्टमध्ये विकरावर साखरेचा आखूड गाभाच सापडे. पुढच्या टप्प्यावर अडलेल्यात मॅनोजच्या साखळ्या वाढू लागलेल्या. म्हणजे आधी पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात अस्तर, मग गॉल्जी नावाच्या भागात जाड थर. २०१३ च्या नोबेलमध्ये शेकमन यांचा वाटा होता.

दुसरा बदल फॉस्फेटचा, आणि तो काढता-घालता येतो. दाराची खिट्टीच म्हणा. स्नायूंमधल्या विकरावर ती लावता-काढता येते हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी पन्नाशीच्या दशकात दाखवलं होतं. यीस्टमध्ये ती आपल्या विषयाशी कशी जुळते पाहा: कार्लसन यांनी १९८१ मध्ये सुक्रोजवर न आंबणारी यीस्टं गोळा केली आणि त्यातल्या एका जनुकाला एसएनएफ-१ नाव दिलं; पूर्ण अर्थ ‘सुक्रोज न आंबवणारं’. १९८६ मध्ये कळलं की या जनुकातून बनणारं प्रथिन इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवतं. भोवती ग्लुकोज असतं तेव्हा ते निजलेलं. ग्लुकोज संपलं की त्याच्यावरच फॉस्फेट चढतं, ते जागं होतं आणि इन्व्हर्टेजच्या जनुकावरची बंदी उठवतं. माणसाच्या पेशीत भुकेची दखल घेणारं एएमपीके हे याचंच भावंड.

उलट दिशेने पाहिलं तर उपाशी यीस्टला अचानक ग्लुकोज मिळालं की साखर घडवणारं एक विकर आता नकोसं होतं. जर्मनीत हेल्मुट होल्त्सर आणि सहकाऱ्यांना दिसलं की त्यावर काही मिनिटांत फॉस्फेट चढतं आणि नंतर ते पार नाहीसं होतं. नाहीसं करताना त्यावर युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन चिकटवतात. रानात तोडायच्या झाडावर खूण करतात तसं. ही खूण शोधली हर्शको, चिखानोव्हर आणि रोझ यांनी, सशाच्या रक्तपेशींत. पण जिवंत पेशीत ती काय काय करते हे उलगडायला अलेक्झांडर वार्शाव्हस्की यांनी यीस्टच धरलं. नोबेल २००४ मध्ये पहिल्या तिघांना मिळालं. चौथं नाव राहिलं, हे मला अजून खटकतं.

औषधांच्या कारखान्यात साखरेच्या या कल्हईने वेगळाच घोळ घातला. १९८६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली हेपटायटिस-बीची लस यीस्टमध्ये बनवलेली होती. तिच्या प्रथिनावर साखर चढत नाही, तरी लस काम करते. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये अशीच लस भारतात आणली. पण ज्या औषधी प्रथिनांना साखर लागतेच, त्यांच्यावर यीस्ट स्वतःच्या सवयीने मॅनोजच्या लांबलचक माळा घालतं आणि माणसाचं शरीर ती परकी समजून हाकलतं. या सहस्रकाच्या पहिल्या दशकात टिलमन गर्नग्रॉस यांच्या चमूने पिचिया जातीच्या यीस्टमधली लांब माळ घालणारी विकरं काढून टाकली आणि माणसासारखी आखूड माळ घालणारी बसवली. तेवढ्यासाठी त्यांना एकामागून एक जनुकं बदलावी लागली. मडक्यातल्या यीस्टला मात्र ती लांब माळच हवी. तिच्यामुळे इन्व्हर्टेज टणक होतं आणि भिंतीत टिकून राहतं.