कॅप्चा : सुगम्यतेचे प्रश्न

संकेतस्थळ वापरणारा माणूस आहे की स्वयंचलित आज्ञावली, हे ठरविणारी चाचणी. तिच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. संगणकशास्त्रज्ञ मोनी नाओर यांनी १९९६ च्या सुमारास अशी कल्पना एका टिपणात मांडली. १९९७ मध्ये अल्टाव्हिस्टा शोधयंत्रावर आंद्रेई ब्रोडर व सहकाऱ्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरांची चित्रे वापरली. त्याच सुमारास सँक्टम कंपनीच्या संशोधकांनीही एकस्वासाठी (पेटंट) अर्ज केला. ‘कॅप्चा’ हे नाव लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम, निकोलस हॉपर व जॉन लँगफर्ड यांचे. त्याचे वर्ष कोठे २०००, तर कोठे २००३ दिले जाते. प्रत्यक्ष वापर हा निकष धरल्यास अल्टाव्हिस्टाचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. यंत्राने अक्षरे नीट वाचावीत म्हणून एका स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या सूचना या गटाने नेमक्या उलट्या अमलात आणल्या : मिसळलेले टंक, तिरप्या ओळी, मळकट पार्श्वभूमी.

सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापर करता येण्याच्या, अडचणीचे मूळ येथेच आहे. यंत्राला नडणारी हीच वैशिष्ट्ये मंददृष्टीच्या व्यक्तीलाही नडतात. चित्र मोठे केले की अक्षरे अधिकच फुटतात. चित्राला त्याचे वर्णन करणारा पर्यायी मजकूर जोडावा, तर उत्तरच उघड होते. म्हणून ऐकलेले अंक वा अक्षरे टंकण्याची ध्वनिचाचणी आली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०१० च्या पाहणीत चित्रचाचणीस सरासरी ९.८, तर ध्वनिचाचणीस २८.४ सेकंद लागले. ध्वनिचाचणीत मुद्दाम गोंगाट मिसळलेला असतो. शिवाय उत्तर टंकताना स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली) प्रत्येक कळ उच्चारतो आणि पुढचा अंक बुडतो. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये एनव्हीडीए कळ व एस दाबून त्याचा आवाज तेवढ्यापुरता बंद करता येतो. ब्रेल पटलावर (मजकूर उठावदार ठिपक्यांत दाखविणारे उपकरण) विसंबणाऱ्या बधिरांध व्यक्तीला मात्र दोन्ही मार्ग बंदच राहतात. उत्तर चुकल्यावर भरलेला सगळा अर्ज पुसला जाणे हा तर निव्वळ रचनादोष असून तो सहज टाळता येतो. देवनागरी कळफलकावरील अंकांचे संकेतांक वेगळे असल्याने, प्रणालीने रूपांतर न केल्यास बरोबर उत्तरही नाकारले जाते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुगम्यता हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा (जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) भाग मानला. त्या प्रकरणात ऑनलाइन ओळखपडताळणीतील, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची चाचणी आम्लहल्ल्यातील पीडितांना अशक्य ठरते, हा मुद्दा होता. वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची २.२ ही आवृत्ती (२०२३) लॉगिन करताना स्मरण वा कोडे सोडविण्याची सक्ती नको म्हणते. एए या मधल्या पातळीवर वस्तू ओळखण्याच्या चित्रचाचणीला सूट आहे, एएए या सर्वांत कडक पातळीवर ती नाही.