एलईडी पांढराच असतो? नाही

रस्त्यावर सोडियमचे दिवे काढून एलईडी लावले की सोसायटीत हमखास ऐकू येतं: "एलईडी म्हणजे पांढराच उजेड. पिवळा हवा तर जुने दिवे परत आणा." हे खरं नाही.

एलईडीच्या आत बहुतेकदा निळा प्रकाश देणारी चिप असते. तिच्यावरचा फॉस्फरचा थर त्या निळ्याचा काही भाग पिवळ्या-लाल छटेत बदलतो. थर कसा, तसा रंग. ही छटा केल्विन या एककात सांगतात: ३००० केल्विनचा दिवा उबदार पिवळसर, ६००० चा निळसर पांढरा. पांढरा किंचित जास्त कार्यक्षम असतो, म्हणून निविदांमध्ये तोच मागितला जायचा. म्हणजे निवड खरेदी करणाऱ्याची.

मुंबईकरांनी हे पाहिलंय. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लागले, 'क्वीन्स नेकलेस'ची (तिथल्या दिव्यांच्या माळेची) सोनेरी झळाळी गेली म्हणून ओरड झाली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे तिथे पिवळसर दिवे आले, तेही एलईडीच.

खिडकीतून डोळ्यांत घुसणारा झोत हा मात्र वेगळा प्रश्न. तिथे रंग बदलून भागत नाही (तक्रारीत लोक नेमकं तेच मागतात!), दिव्याचा कोन बदलावा लागतो किंवा आडोसा बसवावा लागतो.