अध्यक्षीय संघराज्य

अध्यक्षीय संघराज्य : राष्ट्रप्रमुख व शासनप्रमुख ही पदे एकाच निर्वाचित व्यक्तीकडे आणि केंद्र व घटक राज्ये यांतील अधिकारवाटणी संविधानाने ठरलेली, अशी शासनव्यवस्था. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना व नायजेरिया येथे ती रूढ आहे.

संसदीय पद्धतीहून तिचे वेगळेपण नागपूरकरांना हिवाळी अधिवेशनावरून चटकन कळेल. रविभवनात मुक्कामाला आलेले मंत्री विधानभवनात स्वतः सभासद म्हणून बसतात, प्रश्नोत्तराच्या तासाला उभे राहतात आणि विधानसभेचा विश्वास उडाला की सारे मंत्रिमंडळ जाते. अमेरिकेत मंत्र्याला काँग्रेसचे, म्हणजे तेथील केंद्रीय विधिमंडळाचे, सदस्यत्व ठेवता येत नाही. राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या (काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या) संमतीने त्याला नेमतो. काढताना मात्र संमती लागत नाही. राष्ट्राध्यक्षाची मुदत ४ वर्षांची. अविश्वास ठरावाने तो जात नाही. महाभियोगात त्याला दोषी ठरवण्यास सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते लागतात. ब्राझीलमध्ये खासदाराला जागा न गमावता मंत्री होता येते. म्हणजे मंत्रिमंडळ व विधिमंडळ यांच्यामधली ही भिंत सर्वत्र सारखी जाड नाही.

राष्ट्राध्यक्षपदाच्या उगमाबद्दल एकमत नाही. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूच्या १७४८ मधील सत्ताविभाजनाच्या मांडणीत त्याचे मूळ शोधण्याचा प्रघात जुना आहे. मात्र अमेरिकेचे संविधान तयार करणाऱ्या १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेपुढे आलेल्या व्हर्जिनिया योजनेत कार्यकारी प्रमुख विधिमंडळानेच निवडावा, असे होते. निर्वाचकांकरवी निवडीची तडजोड परिषदेच्या अखेरीस झाली. दुसऱ्या मतानुसार नमुना घरचाच होता : न्यूयॉर्कच्या १७७७ च्या संविधानातील, मतदारांनी थेट निवडलेला गव्हर्नर. त्या परिषदेतील एक प्रतिनिधी हॅमिल्टन याने १७८८ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारांची तुलना इंग्लंडच्या राजाबरोबरच याही गव्हर्नराशी केली, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘प्रेसिडेंट’ हे नाव तर त्याआधीच काँग्रेसच्या सभाध्यक्षासाठी वापरात होते.

भारतात हा पर्याय विचारात घेऊन बाजूला ठेवला गेला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही पद्धती तोलल्या : अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक, मसुद्याने दुसऱ्याला पसंती दिली होती.

मेक्सिकोत राष्ट्राध्यक्षाला ६ वर्षांची एकच मुदत मिळते. नायजेरियात प्रत्येक राज्यातून किमान एक मंत्री घेणे संविधानाने बंधनकारक आहे. विदर्भाच्या वाट्याला किती मंत्रिपदे आली, याची मोजदाद इथे प्रत्येक शपथविधीनंतर होते. तिला मात्र असा कलमाचा आधार नाही.