मालक नसलेलं एक्स्चेंज: बिस्कची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोतलं माउंट गॉक्स बुडालं. एके काळी जगातली बहुतांश बिटकॉइन उलाढाल या एकाच एक्स्चेंजवर होत असे. साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचं कंपनीने जाहीर केलं. त्यातले सुमारे दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. बिटकॉइनच्या यंत्रणेचा यात काहीच दोष नव्हता. लोकांनी आपली नाणी दुसऱ्याच्या ताब्यात ठेवली होती, एवढंच. दहा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या ग्राहकांवरही हीच पाळी आली. तेव्हा सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली.

यावर उपाय म्हणून मानफ्रेड कारर या प्रोग्रॅमरने २०१४ मध्ये बिटस्क्वेअर या मालक नसलेल्या एक्स्चेंजचं काम हाती घेतलं. मध्यवर्ती सर्व्हर नाही, खातं उघडणं नाही. ज्याने त्याने आपल्या संगणकावर प्रोग्रॅम चालवायचा आणि टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून समोरच्याशी थेट सौदा करायचा. कोड सगळ्यांसाठी खुला. एप्रिल २०१६ मध्ये ते वापरात आलं आणि २०१७ मध्ये त्याचं नाव ‘बिस्क’ झालं.

खरी अडचण बँकेच्या बाजूला होती. बिटकॉइन कुलूपबंद करता येतं, बँकेतले युरो करता येत नाहीत. म्हणून दोघांकडूनही बिटकॉइनमध्ये अनामत घेऊन ती कुलूपबंद केली जाई. या कुलपाला तीन किल्ल्या असत: विकणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि लवादाची. कोणत्याही दोन लागल्या की रक्कम सुटे. लवादाला एकट्याने पैसे पळवता येत नसत. पण दोघांपैकी एकाशी संगनमत केलं तर येत.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ही तिसरी किल्लीच काढून टाकली. तोडगा निघाला नाही, तर ठरावीक मुदतीनंतर सगळी रक्कम प्रकल्पाच्या पत्त्यावर जाईल, असा व्यवहार दोघांनी आधीच सही करून ठेवायचा. माझ्या मते बिस्कमधलं हे सर्वांत धाडसी पाऊल होतं, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. एप्रिल २०२० मध्ये एका हल्लेखोराने त्या पत्त्याच्या जागी स्वतःचा पत्ता घुसवला आणि सुमारे ३ बिटकॉइन व ४,००० मोनेरो (दुसरं एक डिजिटल चलन) लंपास केले.

भरपाई कोण करणार? कंपनीच नव्हती. इथे सहकाराची घडी कामी आली. एप्रिल २०१९ पासून बिस्कचा कारभार डीएओमार्फत, म्हणजे मालकाविना सदस्यांच्या मतदानाने चालणाऱ्या संघटनेमार्फत, चालत होता: कोड लिहिणारे, भाषांतर करणारे, तंटे सोडवणारे आपापल्या कामाचा मोबदला मागत, बीएसक्यू हे बिस्कचं स्वतःचं टोकन (डिजिटल नाणं) बाळगणारे त्यावर मतदान करत, आणि मंजुरी मिळाली की नवे बीएसक्यू निघत. व्यापाऱ्यांनी शुल्कापोटी दिलेले बीएसक्यू नष्ट होत, म्हणून टोकनला किंमत राही. याच शुल्काच्या उत्पन्नातून नुकसान भरून देण्याची योजना मांडली गेली.

पुढे मोनेरोवाल्यांनी हाच कोड घेऊन ‘हवेनो’ उभारलं. बिस्कपुढे मात्र एक जुना पेच उरला होता: पहिलंवहिलं बिटकॉइन घ्यायला आलेल्याने अनामतीसाठी बिटकॉइन आणायचं कुठून? २०२४ च्या ‘बिस्क २’ मध्ये त्यासाठी अनामतीविना चालणारी ‘बिस्क ईझी’ पद्धत आली. तिथे घेणाऱ्याने विकणाऱ्याची पत पाहून छोट्या रकमेचा सौदा करायचा असतो.