गेलेल्या स्वरांची खूण

रशियनमध्ये ‘ऊगल’ म्हणजे कोपरा. त्यातला शेवटचा ल म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला, की कोपऱ्याचा कोळसा होतो. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ. त्यातला त तसाच उच्चारला तर अर्थ होतो ‘घेणे’. रशियनमधल्या बहुतेक व्यंजनांच्या अशा कडक आणि मऊ जोड्या आहेत. (आपल्या व्याकरणातलं कठोर-मृदू म्हणजे क आणि ग मधला फरक; हे प्रकरण वेगळं.) मऊ व्यंजनात य ची छटा असते, पण य सुटा ऐकू येत नाही.

हा भेद आला कुठून? ‘माझा’ आणि ‘माझी’ मोठ्याने म्हणून पाहा. झ बदलतो. पुढे ई यायची म्हणून जीभ आधीच टाळूकडे निघालेली असते. फरक स्वरच ठरवतो, त्यामुळे एरवी आपलं तिकडे लक्षही जात नाही. जुन्या स्लाव्ह बोलीतही (रशियन, पोलिश, चेक यांची ही पूर्वज) इ किंवा ए पुढे असला की व्यंजन आपोआप मऊ होई. अर्थाशी त्याचा संबंध नव्हता.

त्या बोलीत दोन फार आखूड स्वर होते, एक इ सारखा, दुसरा उ सारखा. साधारण ११व्या ते १३व्या शतकांत ते रशियनच्या पूर्वज बोलींतून गळाले. पण सगळे नाहीत. चेक अभ्यासक अंतोनिन हाव्लिक यांनी १८८९ साली याचा नियम मांडला: ओळीने आलेले आखूड स्वर शेवटाकडून मोजायचे, पहिला गळतो, दुसरा टिकतो. ‘दिवस’ या अर्थाचा शब्द पूर्वी ‘दिनि’सारखा होता, दोन्ही इ आखूड. शेवटची गेली, आधीचीचा ए झाला, आणि आजचा ‘द्येन्य’ तयार झाला. पण इ गेली तरी तिने मऊ केलेला न मऊच राहिला! कारण नाहीसं झालं आणि परिणाम उरला. आता अर्थाचा भार व्यंजनावर आला. त्या इ चं अक्षर रशियन लिपीत अजून आहे, फक्त मऊपणाची खूण म्हणून. उ चं अक्षर मात्र कडक व्यंजनानंतर शब्दाच्या शेवटी मुकाट लिहिलं जात होतं, ते १९१८च्या लेखनसुधारणेत तिथून हटलं.

भेद जन्मला तरी टिकेलच असं नाही. मऊपणा बराचसा कळतो तो व्यंजनातून पुढच्या स्वरात शिरताना, आणि शब्दाच्या शेवटी पुढे स्वरच नसतो. ओठांच्या व्यंजनांची तर जास्तच पंचाईत. पोलिशमध्ये रक्ताला ‘क्रेफ’ म्हणतात, त्यातला फ कडक झाला. रशियनने रक्ताच्या ‘क्रोफ’मध्ये तो मऊ ठेवला, कारण कडक ‘क्रोफ’ म्हणजे निवारा, असं म्हणायचा मोह होतो. पण एका जोडीसाठी भाषा एवढा आटापिटा करत नाही. मला जास्त पटतं ते हे, की रशियनने दोन टोकं लांब नेली: कडक व्यंजनाला, विशेषतः ल ला, जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो, आणि कडक व्यंजनानंतरची इ सुद्धा मागे सरकून वेगळीच ऐकू येते. शेजारचा स्वरही साक्ष देतो.

रशियनमधल्या श आणि झ्ह (इंग्रजी ‘मेझर’मधल्या झ सारखा) ला कडक जोडीदार नव्हता. ते पुढे मऊपणा सोडून कडक झाले. जोडीदार नव्हता म्हणून, असं म्हणावं तर च ला तरी कुठे होता? तो आजही मऊच आहे.

दरम्यान परक्या शब्दांनी नवीन जोड्या आणल्या. पूर्वी ए च्या आधी व्यंजन मऊच असे. आता ‘मेर’ मऊ म म्हणून उच्चारला तर ‘मापांचा’, कडक म म्हणून उच्चारला तर शहराचा महापौर.